हाताळणीत दगावलेले सात

४ मार्च

दादा,

तुझा अहवाल माझ्या मांडीवर आहे आणि तुझा मेहुणा समोर इस्पितळाच्या पलंगावर. एकीकडे तुझी पानं उलटतेय, दुसरीकडे त्याचे श्वास मोजतेय. पान एकतीस, तळटीप, बारीक अक्षरात: "अतितीव्र गटातील सात जनावरे हाताळणीदरम्यान दगावल्याने गणनेतून बाद करण्यात आली व त्यांच्या जागी राखीव जनावरे घेण्यात आली." शेवटच्या पानावर तुझी सही. सही सुंदर आहे. शाळेत असताना तू ती वहीच्या मागच्या पानावर गिरवायचास, पुढे मोठा माणूस झाल्यावर लागेल म्हणून.

काय झालं ते वहिनीकडून कळलं असेलच. तरी मी सांगते, म्हणजे "मला नीट कळवलं नाही" म्हणायला तुला जागा उरणार नाही. सत्तावीस तारखेला सराव होता. रिकाम्या इमारतीत नव्या पांढऱ्या धुराचा डबा पेटवायचा, शत्रूला आपली माणसं दिसू नयेत म्हणून सोडतात तो धूर, आणि नवशिक्या शिपायांनी त्यातून जिना शोधून बाहेर पडायचं. पोरांच्या तोंडावर मास्क होते, कारण जुना नियम अजून चालू आहे. हा त्यांचा शिकवणारा. ह्यानं मास्क काढला. मास्कमधून ओरडलं की म्हैस हंबरल्यासारखं ऐकू येतं आणि पोरं हसत सुटतात, म्हणून. पंचवीस मिनिटं आत होता. घरी आला, चहा घेतला, थोडा खोकला. दुसऱ्या दिवशी जिना चढताना दोनदा बसला. तिसऱ्या दिवशी ओठ निळे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुसात पाणी झालंय. मी विचारलं, कशानं? त्या म्हणाल्या, "ते तुमच्या संस्थेला विचारते." जिथं तू अभ्यासप्रमुख आणि मी जनावरखोलीत, त्या संस्थेनं त्यांना काय पाठवलं असेल? तुझा अहवाल. तो वाचून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, यात तर वीसच्या वीस उंदीर जगलेत. मग तुमच्या मिस्टरांना दुसरं काही आहे का ते बघायला हवं." दोन दिवस ते दुसरं काही शोधण्यात गेले, दादा. दोन दिवस त्यांनी ह्याचं हृदय तपासलं. तुझ्या तळटिपेपायी.

बावीस तारखेला मंजुरी समितीची बैठक आहे. अहवाल मंजूर झाला की प्रत्येक डब्यावर कार्ड चिकटेल: मास्कची आवश्यकता नाही. मग पोरांचेही मास्क उतरतील. एका खेपेला तीस पोरं.

ती सात फुफ्फुसं अजून आहेत. म्हातारे पॅथॉलॉजिस्ट निवृत्त होताना बजावून गेले होते, मेलेलं काही फेकायचं नाही. त्यांचा शब्द मी पाळला. जनावरखोलीच्या मागच्या कपाटात, फॉर्मलिनमध्ये, सात बाटल्या. कापायच्या, काचपट्टीवर घ्यायच्या, बघायच्या. घाईनं केलं तर एका दिवसाचं काम. बावीसच्या आत करून घे. तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण हे मागते.

धाकटी


९ मार्च

दादा,

तू आला नाहीस. वहिनी आली, फळांची टोपली घेऊन. टोपलीत तळाशी तुझी चिठ्ठी. फळांखाली लपवलेली, जशी अहवालात तळटीप. सवय झालीय वाटतं तुला.

वहिनी म्हणाली, "ते म्हणाले, ती भावनेच्या भरात आहे. जरा शांत होऊ दे, मग बोलू."

मी म्हटलं, "किती शांत होऊ, वहिनी? बावीस तारखेपर्यंत होऊ, की तेवीसपर्यंत?"

ती बिचारी संत्रं सोलायला लागली. तेवढ्यात तुझ्या मेहुण्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. एका वाक्याला त्याला हल्ली तीन थांबे लागतात. म्हणाला, "वहिनी, दादांना सांगा... काळजी करू नका म्हणावं... मी नळीत उलटा फिरलो होतो. हाताळणी, असं लिहा."

वहिनी म्हणाली, "कुठली नळी हो?"

आम्ही दोघं हसलो. त्याला हसणं महागात पडलं, नर्स धावत आली. पण वहिनीला नळी ठाऊक नाही हे मला लागलं. तुझ्या घरी त्या नळ्यांवर दोन मजले चढले, आणि घरच्या बाईला नळी म्हणजे काय ते माहीत नाही. मग मी तिला सांगितलं. तूही ऐक, कारण गेल्या सहा वर्षांत तू जनावरखोलीच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाहीस. काचेतून बघतोस आणि जातोस.

उंदराला एका नळीत सरकवायचं. पुढचं टोक निमुळतं, तिथून फक्त नाक बाहेर येतं, आणि ते नाक धुराच्या पिंपात. मागून बूच लावायचं, उंदराच्या पुठ्ठ्याला टेकेल इतकं पुढे. बूच ढिलं राहिलं तर उंदीर आतल्या आत उलटा फिरतो, तोंड बुचाकडे येतं आणि तो गुदमरतो. फार घट्ट बसलं तर छाती दाबली जाते. हे बूच कळायला हात लागतो. दादा, तो हात माझा आहे. अकरा वर्षं. संस्थेत नवीन आलेल्या प्रत्येकाला बूच कसं लावायचं ते मी शिकवलंय.

आता तुझी चिठ्ठी. "नळीत झालेल्या मृत्यूचे कारण धूर की कोंडमारा, हे निश्चित सांगता येत नाही. शास्त्र अंदाजावर चालत नाही." वाहवा. काय चालतं शास्त्र? रोज एक तास, पाच दिवस, असा प्रयोग होता. सातांपैकी सहा मेले ते तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी. पहिले दोन दिवस त्याच नळ्या, तीच बुचं, तोच हात, आणि कोंडमारा नाही. तिसऱ्या दिवशी मात्र माझा हात एकाएकी बिघडला? आणि बिघडला तोही फक्त दाट धुराच्या गटात? पातळ धुराचे वीस उंदीर त्याच हातानं भरले, त्यांतला एकही गेला नाही. नुसत्या हवेवरचे वीस, त्यांतलाही नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडते. सहा वेळा कावळा बसला आणि सहा वेळा फांदी मोडली तर शहाणा माणूस झाड तपासतो. तू कावळ्याला बाद केलंस.

आणि बाद करून थांबला नाहीस. त्यांच्या जागी राखीव उंदीर घेतलेस. ते चौथ्या-पाचव्या दिवशी नळीत गेले. त्यांनी दोन दिवस धूर घेतला, काहींनी एकच. ते जगले. ते जगणारच होते. आणि त्यांना तू पाच दिवसांच्या रकान्यात बसवलंस. परीक्षेला बसलेली पोरं नापास झाली म्हणून हाकलायची, शेजारच्या वर्गातून दोन धडे वाचलेली पोरं आणून बसवायची, आणि वर लिहायचं, निकाल शंभर टक्के. एवढं धाडस तर आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांनाही झालं नव्हतं, आणि तो माणूस काही कमी नव्हता.

फळं परत पाठवली नाहीत. वॉर्डात वाटली.

धाकटी


१३ मार्च

दादा,

मंजुरी समितीच्या अध्यक्षांना मी थेट लिहिलं होतं. उत्तर आलं, दोन ओळींचं: "सदर निवेदन अभ्यासप्रमुखांमार्फत सादर करावे." म्हणजे तुझी तक्रार तुझ्यामार्फत. कोंबडीनं कोल्ह्यामार्फत अर्ज करायचा.

म्हणून पुन्हा तुलाच लिहितेय. आणि यावेळी मागच्या दोन पत्रांत जे गिळलं तेही लिहिते, कारण रोज त्याच्या उशाशी बसून ते पोटात राहत नाही.

पहिला माझा होता.

पहिल्याच दिवशी, सकाळी. बूच लावताना तो ओरडला. ते ओरडतात, आपण ऐकायचं नसतं. त्या दिवशी ऐकलं. बूच कणभर मागे घेतलं. दया आली म्हण, आळस म्हण. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर उलटा फिरलेला. मी नोंदवहीत लिहिलं, "हाताळणी". तो शब्द माझा आहे, दादा. खरा होता आणि माझ्या हातानं लिहिलेला होता.

मग तुला फोन केला. नियम असा की हाताळणीत जनावर गेलं तर चौकशी होते आणि परवाना निलंबित होतो. तू म्हणालास, "एकाचं काय घेऊन बसलीस? बाद कर, दुसरा घे. मी बघतो." मी तुझे आभार मानले. रडले सुद्धा, तुला आठवत असेल.

तिसऱ्या दिवशी दोन गेले. नळीतून काढले तेव्हा नाकाशी फेस होता. मी पुन्हा फोन केला. म्हटलं, दादा, हे वेगळं दिसतंय. तू विचारलंस, "नळीतच गेले ना?" मी म्हटलं, हो. "मग परवा काय लिहिलं होतंस?" मी म्हटलं, हाताळणी. "मग तेच लिही. एका प्रयोगात दोन भाषा नकोत."

मी लिहिलं. सहा वेळा लिहिलं. तू बंदुकीचा धाक दाखवला नव्हतास. माझा एक खरा शब्द तू उसना घेतलास आणि सहा खोट्यांना पांघरलास, आणि मी पांघरू दिला, कारण पहिल्याची चौकशी तुझ्या मुठीत होती. झाकली मूठ. आपण भावंडं नेहमी म्हणायचो ना, आपल्यात काही लपलेलं नसतं.

आता उरलेलं. जानेवारीत एकदा हा भांडी पुसत होता. मला विचारलं, "काय गं, तो नवा धूर येतोय म्हणे. तुमच्याकडे तपासलाय ना? बिनमास्कचं चालेल?" मी पोळपाट धूत होते. मागे वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "अहवालात काही नाही."

अहवालात काही नाही. बघ किती काळजीपूर्वक वाक्य आहे. तुझी बहीण शोभते मी. ह्याला काय कळणार त्यातली खोच? तो म्हणाला, "घरात तज्ज्ञ असल्याचा हा फायदा," आणि ताटं फडताळात लावली.

काल मी हे त्याला सांगितलं. सगळं. तो म्हणाला, "पोरांना... अजून मास्क आहेत ना?" मी म्हटलं, बावीसपर्यंत. तो म्हणाला, "मग माझ्यापाशी बसून... काय करतेस?"

रागवलाही नाही. रागवला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणून त्याच्या वाटणीचा राग मी तुझ्यावर काढतेय, माझ्या वाटणीचा धरून. बाटल्या उघड.

धाकटी


१७ मार्च

दादा,

अखेर तुझं टंकलिखित पत्र आलं, संस्थेच्या कागदावर, वर जावक क्रमांक. बहिणीला जावक क्रमांक घालून लिहिणारा पहिला भाऊ तूच असशील.

चार वेळा वाचलं. तुझं म्हणणं असं: मी समितीला लेखी द्यावं की सातही मृत्यू माझ्या सदोष हाताळणीमुळे झाले, बूच लावण्यात सातही वेळा माझी चूक झाली, आणि अभ्यासप्रमुखांनी केवळ माझ्या नोंदींवर विसंबून ती जनावरं बाद केली. असं दिलं तर "पारदर्शकतेच्या दृष्टीने" तू स्वतः बाहेरचा पॅथॉलॉजिस्ट बोलावून बाटल्या तपासण्याची शिफारस करशील. न दिलं तर हा विषय बैठकीपुढे येण्याचं कारण नाही. आणि खाली पेनानं, एकच ओळ, तुझ्या खऱ्या अक्षरात: "एक चूक तुझ्या नावावर आहेच. सात झाल्यानं काय बिघडतं?"

काय बिघडतं, सांगते. परवाना जाईल. नोकरी जाईल. ज्या घरात कमावणारा माणूस जिना चढू शकत नाही त्या घरात दुसराही हात रिकामा होईल. हे तुला कळत नाही असं नाही. तुला ते पक्कं कळतं, म्हणून तर किंमत एवढी लावलीस. फुफ्फुसात काही सापडलं तर दोष माझ्या नोंदींचा, आणि नाही सापडलं तर तू पारदर्शक. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. ताक मागणाऱ्याच्या डोक्यावर भांडं फोडणारा आज पाहिला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, पाणी उतरलंय, पण आत व्रण राहणार. तो घरी येईल. ओरडून शिकवायचं काम मात्र संपलं. त्याला सांगितलं, दादानं असं असं मागितलंय. त्यानं विचारलं, "दिलंस तर... बाटल्या उघडतील?" मी म्हटलं, हो. "आणि नाही दिलंस तर... कार्ड लागेल?" हो. मग तो म्हणाला, "तुझा दादा हुशार. पण तो कधी... स्वतःच्या हातानं... बूच लावतो का?" मी म्हटलं, त्याला उंदराची शिसारी येते, लहानपणापासून. डोळे मिटून पडून राहिला. मी मात्र रात्रभर त्याच वाक्यापाशी बसून होते.

उद्या उत्तर देते. तुझ्या संस्थेच्या वेळेत, म्हणजे जावक क्रमांकाची पंचाईत व्हायला नको.

धाकटी


२० मार्च

दादा,

तुला हवं होतं ते अठरा तारखेला दिलं. तू म्हणालास तसंच, शब्दाला शब्द. "सातही मृत्यू माझ्या सदोष हाताळणीमुळे, सातही वेळा एकाच प्रकारे, म्हणजे बूच ढिले राहून, झाले आहेत." खाली सही, तारीख, परवाना क्रमांक. "एकाच प्रकारे" हे शब्द मी आपणहून घातले. तू खूश झाला असशील. तू त्यावर शिफारस जोडलीस, अध्यक्षांनी मान्य केली, आणि उद्या सकाळी अकरा वाजता बाहेरचे पॅथॉलॉजिस्ट येताहेत. कपाटाला कालपासून समितीचं सील आहे. किल्ली अध्यक्षांकडे. सील लावताना शिपाई मला म्हणाला, "बाई, आता तुम्हालाही उघडता येणार नाही." मी म्हटलं, "बाबा, तेच तर हवंय."

हे पत्र वहिनीच्या हाती देतेय, आज संध्याकाळी, म्हणजे तुला रात्रभर वेळ मिळेल. झोप येणार नाही म्हणून सांगते, जेवून घे आधी.

तू नोंदवही उघडली नाहीस. पहिल्या नोंदीपुढे वेळ लिहिलेली आहे: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. धूर सोडणारी भट्टी पेटवल्याची वेळ त्याच पानावर, खाली: नऊ चाळीस. पहिला उंदीर मेला तेव्हा पिंपात धूर नव्हताच, दादा. त्यानं धूर हुंगलाही नाही. तो नुसता गुदमरला, माझ्या हातून, स्वच्छ हवेत. तू जनावरखोलीत असतास तर तुला हे सांगावं लागलं नसतं.

सातही एकाच प्रकारे गेले असतील तर सातही फुफ्फुसं एकसारखी दिसायला हवीत. तू तसं लिहून मागितलंस, मी तसं लिहून दिलं. आता उद्या एक काचपट्टी दिसेल साधी, आणि सहा दिसतील पाण्यानं भरलेल्या. त्या पॅथॉलॉजिस्टना मला ओळखायची गरज नाही, तुलाही नाही. सात पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या की त्यांच्यातला फरक शाळकरी पोरालाही दिसेल. एक कशानं मेलं ते माझ्या कबुलीत आहे. सहा कशानं मेली ते मग समितीला विचारावंच लागेल, आणि ते विचारेपर्यंत एकाही डब्यावर कार्ड लागणार नाही.

मला बोलावतील. विचारतील, कबुली खोटी का दिलीस? मी सांगेन, खोटं लिहायची सवय लागली होती. कुणी लावली, तेही विचारतील. फोन कुठल्या दिवशी, किती वाजता केले ते माझ्या लक्षात आहे, आणि मी सहा वेळा ऐकलं, तेही मी सांगेन. माझी शिक्षा मी घेईन. तुझी तू घे. वाटून घ्यायचं नाही यावेळी.

एक विनंती आहे, ही मात्र बहीण म्हणून. उद्या काचेबाहेर उभा राहू नकोस. आत ये. बाटल्यांवर क्रमांक आहेत, माझ्याच अक्षरात. पॅथॉलॉजिस्टना सांग, एक नंबरची आधी घ्या. ती माझी आहे. ती उघडताना मी तिथं असेन, मान खाली घालून.

दोन नंबरपासून तू धर.

धाकटी